एकही शब्द न घालणाऱ्या कात्रीबाई

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, आणि ते तिथेच सुखात राहू द्या. त्या नावानं हाक मारली तर संस्थेत कुणी मान वर करून बघणार नाही. त्या स्वतः तरी बघतील की नाही, शंकाच आहे. सव्वीस वर्षं सगळे त्यांना कात्रीबाईच म्हणत आले. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा तर साहेबांनी, म्हणजे संस्थेच्या संचालकांनी, कार्यालयीन आदेशातच तसं लिहिलं. बाईंनी तो आदेश तपासला, त्यातले नऊ शब्द कमी केले आणि 'कात्रीबाई' तेवढं राहू दिलं.

काम त्यांचं असं. संस्थेतले विद्वान लोक संशोधनाला निधी मागायला अर्ज करतात. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला शब्दांची मर्यादा असते, विद्वानांना ती नसते. दीडशे शब्द मागितले की सहाशे येतात. मग तो कागद बाईंच्या टेबलावर येतो. बाई खरीखुरी कापड कापायची कात्री काढतात, ओळीओळींच्या पट्ट्या करतात आणि पत्ते मांडावेत तशा टेबलावर मांडतात. एकेक पट्टी उचलून बाजूला ठेवायची आणि उरलेलं वाचून बघायचं. अर्थ लागला तर ती पट्टी गेली, नाही लागला तर परत जागेवर. शेवटी जे उरेल ते कंप्यूटरवर चढवायचं. काढलेल्या पट्ट्या फेकायच्या नाहीत, त्या अर्जाचं नाव घालून पाकिटात भरायच्या. कारण दुसऱ्या दिवशी विद्वान माणूस 'माझं ते वाक्य कुठंय?' म्हणत टेबलासमोर उभा राहतोच.

आणि एक नियम. कापायचं वाटेल तेवढं, पण पदरचा एक शब्दही घालायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका अर्जाच्या शेवटी आपल्या मनानं 'नम्र' हा शब्द घातला होता. तो अर्जदार इतका उखडला, इतका उखडला, की बाईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून कुणी विचारलं, "बाई, इथं काय घालू?" तर त्या म्हणत, "ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त काढते."

त्यांचं टेबल दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात, दोन दारांच्या मधोमध. डावीकडच्या दारामागे वाळवीवाले सर. यांनी उभा जन्म वाळवीच्या अभ्यासात घालवला आणि खोलीत काचेच्या पेट्यांमध्ये तिच्या सतरा वसाहती पाळल्या. उजवीकडच्या दारामागे लाकूडवाल्या मॅडम. कुठलं लाकूड वाळवीपुढे किती दिवस टिकाव धरतं, हा त्यांचा विषय. आता तुम्ही म्हणाल, या दोघांचं गूळपीठ असायला हवं. तसं ते होतंही. पण नऊ वर्षांपूर्वी सरांच्या एका पेटीतली वाळवी मधल्या भिंतीतून पलीकडे गेली आणि मॅडमच्या कपाटात शिरली. कपाटात लाकडाचे चारशे तुकडे होते. वाळवीनं एकाही लाकडाला तोंड लावलं नाही. तिनं त्यांच्यावर चिकटवलेल्या चारशे कागदी चिठ्ठ्या खाल्ल्या. म्हणजे लाकडं सगळी शाबूत, पण कुठलं कोणतं, ते देवाला ठाऊक.

मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या तेव्हा सर आले, कपाटात डोकावले आणि मनापासून म्हणाले, "अभिनंदन! म्हणजे तुमचं लाकूड टिकाऊच आहे की!"

ते खरंच अभिनंदन करत होते, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या दिवसापासून दोघांत विस्तवही जात नव्हता. बोलायचं असलंच तर बाईंमार्फत. "बाई, पलीकडे सांगा, त्यांचा पंखा फार आवाज करतो." "बाई, पलीकडे सांगा, कान बंद ठेवा, तसेही उघडून उपयोग होत नाही." बाई दोन पावलं चालत आणि सांगत, "मॅडम बघते म्हणाल्या." त्यांना या निरोप्याच्या कामाची सवयच होती. घरी त्यांचा नवरा आणि नणंद यांच्यात असाच अबोला होता. नणंदेचा फोन आला की नवरा हातानंच 'मी नाही' अशी खूण करायचा, पलीकडून दहा मिनिटं सरबत्ती व्हायची, आणि फोन ठेवून बाई एवढंच सांगायच्या, "ताई तब्येतीला जपा म्हणाल्या."

तर अशी सगळी गाडी सुरळीत भांडत चालली होती, आणि साहेबांचा आदेश आला. या विभागाला कित्येक वर्षांत बाहेरचा एकही प्रकल्प मिळालेला नाही. या वर्षी निदान एक प्राथमिक अर्ज पहिल्या फेरीतून पुढे गेला नाही, तर विभाग बंद. दोन्ही खोल्यांत परीक्षेचे गठ्ठे ठेवले जातील, सर आणि मॅडमना दुसरीकडे सामावून घेतलं जाईल, आणि कात्रीबाईंची बदली तळघरात, आवक-जावकच्या खिडकीवर. आवक-जावक म्हणजे दिवसभर आलेल्या पाकिटांवर शिक्का मारायचा आणि आतलं काही वाचायचं नाही. जिचा जन्म दुसऱ्यांचं वाचण्यात गेला त्या बाईला याहून मोठी शिक्षा कुठली? निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं नुसते शिक्के मारायचे!

त्याच आठवड्यात एक परदेशी पत्र आलं. लिहिणाऱ्या संशोधक बाईंचं नाव एका दमात म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळे त्यांना विलायतबाई म्हणू लागले. त्या विलायतेच्या नव्हत्या, हा भाग वेगळा. त्यांच्या गावातल्या जुन्या लाकडी घरांना वाळवी लागली होती, आणि दोन देशांनी मिळून करायच्या संशोधनासाठी एक निधी निघाला होता. अट अशी, की इकडून दोन वेगळ्या विषयांचे भागीदार हवेत. विलायतबाईंनी सरांचे लेख वाचले होते, मॅडमचे वाचले होते. 'तुम्ही दोघे एकाच मजल्यावर बसता, म्हणजे तुम्हाला किती सोपं!' असं त्यांनी आनंदानं लिहिलं होतं.

बाईंनी ते पत्र आधी डावीकडे नेलं. सर म्हणाले, "विलायतबाई चालतील. पलीकडच्या नको." उजवीकडे मॅडम म्हणाल्या, "मला चालेल. त्यांना वगळा." पण विभाग बंद होताना दोघांनाही दिसत होता. मॅडमना तर बांधकाम विभागात पाठवणार अशी कुणकुण होती आणि तिथे सगळं सिमेंटचं. शेवटी दोघं तयार झाले, एका अटीवर: बोलणार नाही, लिहून देऊ.

अर्ज प्राथमिक होता, दोन पानांचा. पहिले तीन रकाने बाईंनी हसतखेळत कापले. चौथ्यावर मात्र त्या अडल्या. 'भागीदारांना एकमेकांच्या कामाविषयी काय वाटतं? प्रत्येकी साठ शब्द.'

सरांनी तीन पानं हातानं लिहून दिली. मॅडमनी चार. बाईंनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. सरांनी लिहिलं होतं, 'मॅडमच्या चिकाटीला तोड नाही. चुकीच्या दिशेनं इतकी वर्षं न थकता चालणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. लाकूड किती दिवस टिकतं हे त्या बिनचूक मोजतात. फक्त ते लाकूड खडखडीत वाळवून मोजतात, आणि वाळवीला लागतं दमट, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.' तिकडे मॅडमनी लिहिलं होतं, 'सरांइतकी माया वाळवीला कुणीच लावली नसेल. म्हणूनच ते तिला दोन वेळा भरपेट जेवू घालतात आणि मग जगाला सांगतात, बघा, ही अमुक लाकूड खात नाही. पोट भरलेलं कोण खातं?'

बाईंनी कात्री काढली.

अर्ध्या तासात टेबलावर दोन छोटे ढीग उरले. सरांचं म्हणणं: मॅडमच्या चिकाटीला तोड नाही. लाकूड किती दिवस टिकतं हे त्या बिनचूक मोजतात. मॅडमचं म्हणणं: सरांइतकी माया वाळवीला कुणीच लावली नसेल. अशीच आणखी तीन-चार वाक्यं. नियम मोडला नव्हता, पदरचा एक शब्दही त्यात नव्हता. तरी बाईंचं मन त्यांना आतून चिमटे काढत होतं. त्यांनी त्या मनालाही सांगितलं, गप्प बस, तळघरात जायचंय का तुला? बाकीच्या पट्ट्या पाकिटात गेल्या.

आता एकमेकांची संमती हवी होती. मॅडमनी सरांच्या हस्ताक्षरातल्या त्या पट्ट्या पाहिल्या आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी दार उघडलं.

"बाई, हे त्यांनी स्वतः लिहिलं?"

"अक्षर ओळखा की मॅडम."

"कुणी सांगितलं म्हणून?"

"त्यांना कोण सांगणार? सांगितलेलं कधी ऐकलंय त्यांनी?"

हे मात्र मॅडमना पटलं. सरांनी मॅडमच्या पट्ट्या वाचल्या आणि खिशातून कंगवा काढून उरलेल्या केसांवर फिरवला. दुसऱ्या दिवशी उजवीकडचं दार चार बोटं उघडं होतं. तिसऱ्या दिवशी डावीकडचं. पंख्याची तक्रार आली नाही. बाई मनातून अशा फुलल्या की कात्रीला तेल दिलं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला, विलायतबाईंशी कंप्यूटरवरून बोलायचं ठरलं. त्यांच्याकडे तेव्हा सकाळ. पाच वाजता तो अर्ज आपोआप बंद होणार होता. सर आपल्या खोलीत, मॅडम आपल्या खोलीत आणि बाई बोळात, तिघं तीन पडद्यांसमोर. त्यामुळे प्रत्येकाचं बोलणं आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग यंत्रातून. विलायतबाई तोंडभर हसल्या, अर्ज छान झालाय म्हणाल्या.

"फक्त चौथा रकाना," त्या म्हणाल्या. "इतकं गोड मी आजवर कुठल्याच अर्जात वाचलं नाही. मला भीती वाटते. वाचणारे म्हणतील, हे दोघं एकमेकांना ओळखतच नसणार." आणि त्यांनी तो रकाना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मॅडमच्या चिकाटीला तोड नाही. लाकूड किती दिवस टिकतं हे त्या बिनचूक मोजतात."

"थांबा," सर भिंतीतून म्हणाले, आणि मग यंत्रातून, "थांबा. मधलं वाक्य कुठंय माझं?"

"कुठलं मधलं?" मॅडम.

बाईंनी डोळे मिटून घेतले. दोन्ही दारं एकदम उघडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकाच वेळी एकाच टेबलासमोर उभे होते, आणि दोघांचे डोळे एकाच माणसावर होते. पडद्यावर विलायतबाई 'हॅलो, हॅलो' करत होत्या.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही माझ्या तोंडी काय घातलंत?"

"एक शब्द घातला नाही," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण बारीक झाला होता. "सव्वीस वर्षांत घातला नाही, आजही नाही. मी फक्त काढलंय. हे बघा." आणि ड्रॉवरमधलं पाकीट काढून त्यांनी ते टेबलावर उपडं केलं.

दोघांनी पट्ट्या उचलल्या. अर्थातच आपापल्या नाही, एकमेकांच्या. बाई उभ्या उभ्या तळघर मोजत होत्या. पायऱ्या अठरा, मग डावीकडे खिडकी. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते फायलींच्या स्टुलावर बसले.

"मी दिवसातून किती वेळा खायला घालतो वाळवीला?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," बाई म्हणाल्या. "रविवारी मुद्दाम येऊन तीनदा."

"पोट भरलेलं कोण खातं," सर स्वतःशीच म्हणाले. "अरे देवा. म्हणजे चौदा लेख..."

"सोळा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या हातात दमट लाकडाच्या वाक्याची पट्टी होती आणि नजर तिच्यावरून हलत नव्हती. "शाळेतल्या पोराला कळतं, असं लिहिलंय इथं. मग नऊ वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही बोलत कुठे होता? आणि माझे सोळा लेख तुम्ही मोजलेत कशाला?"

"चुका काढायला. सगळे वाचते मी."

"मीही तुमचे सगळे वाचतो. चुका काढायलाच."

"ते दिसतंय," मॅडम म्हणाल्या, आणि दुसरं स्टूल ओढून बसल्या.

बाईंना तेव्हा लख्ख कळलं की आपण काय करून बसलो होतो. पाखडताना दाणे उडवून दिले होते आणि फोलपटं जपून सुपात ठेवली होती. गोड वाक्यं कुणीही कुणाबद्दल लिहील. पण एवढ्या बारकाईनं शिव्या घालायच्या तर माणसाचा शब्दन् शब्द वाचावा लागतो, आणि जगात त्या दोघांचं तसं वाचणारी दोनच माणसं होती, मधे एक भिंत ठेवून. बाईंना स्वतःची लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगा, आनंदही झाला.

"मला कुणी सांगेल का तिकडे काय चाललंय?" विलायतबाई ओरडल्या. सरांनी सांगितलं, मॅडमनी मधेमधे दुरुस्त केलं. ऐकून विलायतबाई खुर्चीत उड्या मारायच्या बाकी राहिल्या. "हेच घाला! उपाशी वाळवी, दमट लाकूड. दोघांच्या चुका दोघांनी दाखवलेल्या. तोच तर आपला प्रकल्प आहे!"

साडेतीन झाले होते. बाईंनी टेबल साफ केलं, पट्ट्या पुन्हा मांडल्या आणि आता उलट्या बाजूनं कापायला घेतलं. चिकाटी गेली. माया गेली. शाळेतलं पोर राहिलं. सर आणि मॅडम दोन बाजूंनी वाकून भांडत होते आणि बाई मधून "हात काढा, कापले जातील" म्हणत होत्या.

साडेचारला शेवटचा रकाना उरला. 'भागीदारांत मतभेद झाल्यास निर्णय कोण देईल? तीस शब्द.' सर म्हणाले, "यात विचारायचं काय?" मॅडम म्हणाल्या, "तेच म्हणते मी." दोघांनी एकच कागद घेतला, बाईंकडे पाठ केली, आणि कुजबुजत, एकमेकांच्या हातातलं पेन ओढत काहीतरी लिहिलं. मग कागद पुढे सरकवला.

'आमच्या कचेरीतल्या कात्रीबाई. नऊ वर्षं आमची भांडणं यांनीच सांभाळली. अत्यंत हुशार, प्रेमळ, लबाड. दोघांनाही फसवतात, पण कुणाची बाजू घेत नाहीत. स्वतःचा एक शब्द घालत नाहीत. आमचे मात्र हवे तसे कापतात. त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही.'

"पस्तीस होतात," मॅडम म्हणाल्या. "पाच काढा."

बाईंनी कात्री उचलली आणि त्यांना काही दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना. पाच शब्द काढणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. 'लबाड' काढला असता, 'दोघांनाही फसवतात, पण' काढलं असतं, एखादा 'मात्र' उडवला असता, की झाले पाच, आणि मागे राहिली असती अगदी देवमाणूस बाई. कात्री तिथपर्यंत गेलीसुद्धा. पण आजच्या दुपारीच एकदा पोळलेला हात तो. त्यांनी शेवटचं वाक्य मोजलं. बरोबर पाच होते. ते त्यांनी सरळ कापून काढलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि उरलेले तीस कंप्यूटरवर चढवले. पाचला सात मिनिटं असताना सरांनी आणि मॅडमनी बटण कुणी दाबायचं यावर वाद घातला. चार मिनिटं असताना बाईंनी दाबून टाकलं.

मग सहा आठवडे वाट बघण्यात गेले. या काळात एकदा नणंदेचा फोन आला. नवऱ्यानं 'मी नाही' अशी खूण केली. बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि त्या भाजी आणायला गेल्या. तासाभरानं परतल्या तरी तो ओरडतच होता, आणि पलीकडूनही ओरडणं चालू होतं. त्या रविवारी उरलेलं भांडण पुरं करायला नणंद स्वतः घरी आली आणि जेवून गेली.

उत्तर आलं ते साहेबांच्या नावानं. बदलीचा आदेश टाइप होऊन त्यांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता, आणि त्याच्यावरच हे पत्र येऊन पडलं. अर्ज पहिल्या फेरीतून पुढे गेला आहे, पूर्ण अर्ज पाठवावा. परीक्षकांनी शेवटी एक अट घातली होती. मतभेद मिटवणाऱ्या व्यक्तीचं वर्णन विश्वास ठेवण्यासारखं वाटलं, कारण तिच्याविषयी वाईटही लिहिलं आहे. या भागीदारांना अशा व्यक्तीची गरज दिसते. तरी सदर लबाड बाई प्रकल्पाची तिन्ही वर्षं आहे त्याच जागी राहतील, असं संस्थेच्या प्रमुखांनी लेखी द्यावं.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः जिना चढून बोळात आले. हातात दोन पानी पत्र होतं. सर आणि मॅडम त्या वेळी डावीकडच्या खोलीत उपाशी वाळवीवरून एकमेकांवर आवाज चढवत होते.

"बाई, लिहिलंय मी," साहेब म्हणाले. "पण जरा जास्तच झालंय. अर्ध्या पानात बसवून द्या."

बाईंनी पत्र घेतलं. संस्थेचा आधारस्तंभ, सव्वीस वर्षांची निष्कलंक सेवा, ज्यांच्याविना या मजल्याची कल्पना करवत नाही, असं पान उलटून पुढेही चालूच होतं. त्यांनी ते एकदा वाचलं. मग सावकाश, ओळीवर बोट ठेवून, पुन्हा वाचलं.

"त्यांनी शब्दमर्यादा दिलीय का?"

"नाही. साधं पत्रच आहे."

"मग राहू द्या की साहेब. मला तरी यात काढण्यासारखं काही दिसत नाही." त्यांनी पत्र परत केलं आणि शेवटच्या ओळीवर नख ठेवलं. "फक्त इथं 'तीन वर्षं' लिहिलंय, तिथं 'निवृत्तीपर्यंत' राहून गेलंय. ते तेवढं तुमच्या हातानं घाला. मी काही घालत नाही, तुम्हाला माहीतच आहे."

साहेबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दारामागच्या आरडाओरड्याकडे, आणि खिशातून पेन काढलं.